साळिंदराचं सावकाश आयुष्य



सातपुड्यातल्या वन्यजीवांवर बोलायचं म्हटलं की बिबट्या आणि अस्वल आधी आठवतात. गेल्या पाव शतकात त्यांत रानपिंगळ्याची भर पडली आहे. साळिंदर त्या यादीत सहसा येत नाही. आलंच तर पिकांच्या नुकसानीच्या तक्रारीत येतं, नाहीतर वाटेवर सापडलेल्या एखाद्या काळ्यापांढऱ्या काट्यापुरतं. आज मी मुद्दाम हाच प्राणी निवडला आहे, कारण त्याच्या निमित्ताने एक म्हणणं मांडायचं आहे. साळिंदर दातांमुळे उंदीर-घुशींच्या, म्हणजे कृंतकांच्या, गणात बसतं. आयुष्याची घडण मात्र त्यांच्यासारखी नाही: ते सावकाश वाढतं, थोडीच पिलं घालतं आणि पुष्कळ वर्षं जगतं. आपण सगळे, शेतकरी, वनखातं आणि निसर्गप्रेमीसुद्धा, त्याच्याशी वागतो ते उंदराचा हिशेब मनात धरून. कितीही मारली तरी संपायची नाहीत, असा तो हिशेब. साळिंदराला तो का लागू पडत नाही, हे पुराव्यांनिशी सांगायचा प्रयत्न करतो, आणि त्यावर येऊ शकणारे आक्षेपही विचारात घेतो.

प्रथम प्राण्याची ओळख. हिस्ट्रिक्स इंडिका हे त्याचं शास्त्रीय नाव. पश्चिमेला तुर्कस्तान आणि इस्राएलपासून अरबस्तान, इराण, मध्य आशियाचा काही भाग आणि पुढे भारत, नेपाळ, श्रीलंका एवढा त्याचा पसारा आहे. वजन साधारण ११ ते १८ किलो. आपल्या कृंतकांत एवढं थोराड दुसरं कोणी नाही. पाठीवरचे काटे म्हणजे रूपांतर पावलेले केसच. मानेवरचे लांब आणि लवचीक, पाठीवरचे आखूड, जाड आणि टोकदार. शेपटीवरचे काही काटे पोकळ असतात आणि हलवले की खुळखुळतात. रात्री फिरणारा, झाडावर न चढणारा, चालीने बेताचा, पण नख्यांनी आणि खांद्यांनी जबरदस्त उकरणारा हा प्राणी आहे. नर्मदा आणि तापी यांच्या मधला, अक्राणी आणि अक्कलकुव्याचा डोंगराळ मुलूख त्याला सोयीचाच. अस्तंब्याचं शिखर आणि तोरणमाळचं पठार हे सगळं बेसाल्टच्या थरांवर थर बसून झालेलं. दोन थरांच्या सांध्यावर खडक कुजतो, तिथे मुरूम सुटतो, कपारी पडतात. अखंड काळ्या पाषाणात कोणालाच बीळ करता येत नाही. पण अशा सांध्यावरचा मुरूम उकरता येतो आणि वर खडकाचं छप्पर आयतं मिळतं. डोंगरात साळिंदराचं घर शोधायचं तर आधी हा सांधा शोधावा.

घर हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे क्यूरेटर एस. एच. प्रेटर यांनी भारतीय प्राण्यांवरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात हैदराबादकडच्या एका बिळाचं वर्णन दिलं आहे. मुख्य भुयार सुमारे १८ मीटर लांब, शेवटी जमिनीखाली दीड मीटरवर एक दालन, आणि त्या दालनातून बाहेर पडायला वेगळे चोरदरवाजे. एवढं खोदकाम एका हंगामासाठी कोणी करत नाही. साळिंदराची जोडी टिकाऊ असते. नर, मादी आणि त्यांची लहानमोठी पिलं एकाच बिळात राहतात, आणि पिलांची राखण आईबाप दोघंही करतात. इस्राएलमधले अभ्यासक सेव्हर आणि मेंडेल्सोन यांनी १९८८ साली एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलं: मादी गर्भधारणेच्या अवस्थेत नसतानाही ही जोडी वर्षभर नियमाने समागम करते, आणि जोडी टिकवण्याचाच तो एक मार्ग असावा, असं त्यांनी सुचवलं. ज्या प्राण्याला पिलांच्या संख्येवर जगायचं आहे, तो एवढी शक्ती नातं टिकवण्यावर खर्च करील का?

बीळ किती जुनं असू शकतं याचा एक पुरावा अनपेक्षित दिशेने येतो. साळिंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे त्यांना घासायला काहीतरी कठीण लागतं. शिवाय वनस्पतींच्या आहारातून पुरेसे क्षार मिळत नाहीत. म्हणून ते रानात पडलेली हाडं बिळात ओढून नेतं आणि कुरतडतं. दक्षिण आफ्रिकेत सी. के. ब्रेन यांनी आदिमानवाच्या गुहांतल्या हाडांचे ढीग तपासताना तिकडच्या साळिंदरांच्या गुहाही तपासल्या. हाडांवरच्या रुंद, समांतर खाचा पाहून कोणतं हाड माणसाने फोडलं, कोणतं तरसाने चावलं आणि कोणतं साळिंदराने कुरतडलं हे वेगळं करता येऊ लागलं. आपल्याकडे आंध्रातल्या कर्नूलच्या गुहांतून लिडेकर यांनी १८८६ साली साळिंदराच्या एका लुप्त जातीचं वर्णन केलं होतं. प्रकाशे आणि सावळदा यांसारखी प्राचीन वसाहतींची पांढरी असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात हे सांगणं अप्रस्तुत नाही. उत्खननात जो थर बिळाने कापलेला असतो, त्यातली खापरं कालक्रमाच्या बाबतीत सरळ साक्ष देत नाहीत. पण आपल्या मुद्द्यापुरतं एवढंच: गुहेत हाडांचा ढीग साचायचा तर तिथे प्राण्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या राहाव्या लागतात. चांगलं बीळ ही वारशाने चालणारी मालमत्ता आहे.

आता वर्गीकरणाकडे वळतो, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. आपल्या पूर्वजांनी साळिंदराला उंदरांत मोजलं नव्हतं. धर्मशास्त्रात पाच नख्यांच्या प्राण्यांची एक यादी आहे. त्यांतले कोणते खावेत याची चर्चा मनुस्मृतीत आहे, रामायणात आहे, आणि पतंजलीने महाभाष्यात तीच यादी व्याकरणाचा मुद्दा समजावायला घेतली आहे. त्या यादीत साळिंदर बसतं ते घोरपड, ससा आणि कासव यांच्या पंक्तीला. गृह्यसूत्रांनी तर सीमंतोन्नयनात गर्भवतीचा भांग पाडायला साळिंदराचा, तीन ठिकाणी पांढरा असलेला काटा सांगितला आहे. उंदराचं काही कोणी डोक्याला लावलं नसतं! आधुनिक प्राणिशास्त्राने नख्या सोडल्या आणि दात धरले, आणि ते योग्यच केलं. कवटीची रचना, जबड्याचे स्नायू आणि आता जनुकंही साळिंदराला कृंतकांतच बसवतात. मात्र त्याच पुराव्याचा दुसरा अर्धा भाग लोकांपर्यंत आला नाही. कृंतकांच्या आतही साळिंदर ज्या शाखेचं आहे ती उंदरांची शाखा नव्हे. गिनीपिग आणि चिंचिला, तसंच आफ्रिकेतला उघड्या कातडीचा छछुंदर-उंदीर, हे त्याच्या जवळचे नातेवाईक. या शाखेत गर्भकाळ लांब असतो, पिलं थोडी पण तयार होऊन जन्मतात. साळिंदराचं पिलू डोळे उघडे ठेवूनच जगात येतं. अंगावरचे काटे जन्मताना मऊ असतात आणि लवकरच टणक होतात. याच शाखेतला तो उघड्या कातडीचा छछुंदर-उंदीर मुठीएवढा असून तीस वर्षांहून अधिक जगतो.

दोन हिशेब शेजारी ठेवून पाहू. शेतात बीळ करणारी लहान घूस घ्या. तिचा गर्भकाळ तीन आठवड्यांच्या आसपास, एका वेतात साधारण सहा-सात पिलं, ती पिलं काही महिन्यांत स्वतः विणारी, आणि धान्य मुबलक असलं तर वर्षात अनेक वेतं. तिच्या आयुष्याचा सगळा भर संख्येवर आहे, कारण ती उद्या जगेल याची काहीच खात्री नाही. घुबड, साप, मुंगूस, मांजर, कोल्हा, सगळ्यांचं ती भक्ष्य आहे. साळिंदराच्या वेतात बहुधा एक किंवा दोन पिलं. बंदिवासात त्याने सत्तावीस वर्षं ओलांडल्याची नोंद आहे. रानात तेवढं आयुष्य मिळणार नाही, पण घुशीच्या कैक पट मिळतं हे उघड आहे. जीवशास्त्राचा नियम साधा आहे. ज्या प्राण्याचे प्रौढ एकदा वाढले की फारसे मरत नाहीत, तो थोडी पिलं घालून त्यांना नीट वाढवतो. ज्याचे प्रौढ रोज मरतात, तो भरमसाट पिलं घालून नशिबावर सोडतो. संख्या स्थिर राहायची तर दोघांनाही शेवटी एवढंच साधायचं असतं: एका जोडीच्या जागी दुसरी जोडी वयात आणायची. घुशीला ते एका हंगामात उरकावं लागतं. साळिंदराला त्यासाठी बरीच वर्षं हाताशी असतात. म्हणून त्याचा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे, की प्रौढ जगतील.

हे गृहीतक काट्यांनी शक्य केलं. साळिंदर काटे फेकून मारतं हा समज साफ चुकीचा आहे. काटे सैल बसवलेले असतात, स्पर्श झाला की निघून येतात, आणि हल्ला झालाच तर हा प्राणी पाठ वळवून मागच्या मागे धडक देतो. त्या धडकेची किंमत काय असते याची नोंद जिम कॉर्बेट यांनी केली आहे: मुक्तेश्वरची नरभक्षक वाघीण साळिंदराच्या झटापटीत एक डोळा गमावून बसली होती आणि तिच्या पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले होते. वाघाचं ते, तर बिबट्याचं काय? बिबट्या साळिंदर मारतो, नाही असं नाही, पण ते त्याचं सोयीचं भक्ष्य नव्हे. आपल्या भागात वाघ जवळजवळ उरलेला नाही. म्हणजे नैसर्गिक शत्रूंच्या बाजूने पाहिलं तर प्रौढ साळिंदराचं मरण दुर्मीळ व्हायला हवं. ते दुर्मीळ नसेल तर त्याचं कारण शत्रूंच्या यादीत शोधून सापडणार नाही. त्या यादीत माणूस, त्याची कुत्री आणि त्याचे रस्ते कधी लिहिलेच जात नाहीत. डांबरी रस्त्यावर मोटार समोर आली की काटे उभारून थांबणं, ही लाखो वर्षं उपयोगी पडलेली युक्ती घातक ठरते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. साळिंदर एवढं निर्धास्त असेल तर ते चांदण्याला का घाबरतं? इस्राएलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटात अल्कॉन आणि साल्ट्झ यांनी साळिंदरांच्या रात्रीच्या हालचाली नोंदवल्या तेव्हा चांदण्या रात्री ती उघड्यावर येणं कमी करतात असं दिसलं. भीती आहे म्हणजे शत्रू आहेत. शत्रू आहेत म्हणजे प्रौढ मरतात. मग सावकाश आयुष्याचा मुद्दा कोसळतो. मला हा निष्कर्ष पटत नाही. ज्याला एक वर्ष जगायचं आहे त्याने धोका पत्करावा, कारण आज खाल्लं नाही तर उद्या पिलं घालायला तो उरणारच नाही. ज्याला पुढची अनेक वर्षं पिलं वाढवायची आहेत त्याने एका रात्रीच्या भुईमुगासाठी सगळं पणाला का लावावं? चांदणं टाळणं हे दीर्घ आयुष्याचंच लक्षण आहे. सावधपणा परवडतो तोच सावध राहतो. याच दोघा अभ्यासकांनी असंही सुचवलं की या जातीची उत्तरेकडची सीमा उन्हाळ्यातल्या रात्रींच्या लांबीशी निगडित असावी: रात्र फारच आखूड झाली तर अंधारात पोट भरायला वेळच पुरत नाही. मला ही कल्पना फार आवडते. एखाद्या प्राण्याच्या मुलखाची हद्द डोंगर किंवा नदी न ठरवता रात्र ठरवते.

बिळाकडे परत येऊ, कारण ते साळिंदराचं एकट्याचं नसतं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात साळिंदरांनी खोदलेल्या बिळांत अजगर राहतात, आणि तीच बिळं कोल्हे आणि वटवाघळंही वापरतात, हे तिथल्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. अजगराला स्वतः खोदता येत नाही. थंडीत त्याला ऊब लागते, उन्हाळ्यात गारवा, आणि दोन्ही जमिनीच्या पोटात मिळतात. म्हणजे खोदणारा एक आणि राहणारे चार. साळिंदराची जोडी नाहीशी झाली तर बीळ काही वर्षं टिकेल, मग मुरूम ढासळेल, आणि भाडेकरूंना नवं घर बांधून देणारा कोणी उरणार नाही.

खोदण्याचा दुसरा प्रकार अन्नासाठीचा. नेगेव्हमध्ये यित्झाक गुटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं साळिंदरांनी कंदांसाठी उकरलेल्या खळग्यांचा अभ्यास केला. त्या कोरड्या, कडक पृष्ठभागाच्या उतारावर पावसाचं पाणी वाहून जातं. खळग्यात ते थांबतं. वाऱ्याने उडणारं बी, पालापाचोळा आणि बारीक माती तिथेच अडकते. म्हणून खळग्यांत आजूबाजूपेक्षा अधिक रोपं उगवतात, आणि अधिक प्रकारचीही. खळगे हळूहळू भरत जातात, दुसरीकडे नवे पडतात. गुटरमन यांना असंही दिसलं की साळिंदर प्रत्येक कंद पूर्ण संपवत नाही; उरलेल्या भागातून किंवा बाजूच्या लहान कंदातून रोप पुन्हा येतं.

यावर हरकत घेणारा म्हणेल, नेगेव्ह कुठे आणि अक्राणी कुठे! तिकडे वर्षाला मूठभर पाऊस; इथे चार महिन्यांत डोंगर धुऊन निघतो. वाळवंटात जो खळगा पाणी धरतो तोच आपल्या उतारावर माती सोडून देईल. ही हरकत मी अर्धी मान्य करतो, आणि तिच्या बाजूचा पुरावाही त्याच नेगेव्हमधून देतो. १९८१ साली आरॉन याइर आणि रुटिन यांनी मोजून दाखवलं की तिथल्या उतारांवर साळिंदरं आणि मातीत राहणारे एक प्रकारचे किडे मिळून जी माती सुटी करतात, ती पावसाच्या वाहत्या पाण्याला वाहून न्यायला मिळते. म्हणजे एकच प्राणी एकाच उतारावर माती अडवतोही आणि सोडतोही. कोणतं पारडं जड होईल हे उताराच्या तीव्रतेवर, वरच्या गवतावर आणि मातीच्या जाडीवर ठरणार. सातपुड्यात माझा कल असा: गवत शाबूत असलेल्या पठारावर आणि मंद उतारावर खळगा फायद्याचाच ठरतो, कारण सुटलेली माती दोन हात खाली गवताच्या थोंबात अडकते. चरून चरून उघड्या पडलेल्या तीव्र उतारावर तो नुकसान करतो. पण मग त्या उतारावर माती वाहून जाण्याचं खापर साळिंदरावर फोडणं म्हणजे गळक्या छपराखाली बसून शेवटच्या थेंबाला दोष देण्यासारखं आहे.

पावसाळ्यात तोरणमाळच्या पठारावर आणि आसपासच्या रानात कंदवर्गी वनस्पती भरपूर उगवतात: सफेद मुसळी, रानकांदा, रानहळद, सुरणाच्या जातीतली शेवळं. भिल्ल आणि पावरा कुटुंबं पूर्वीपासून यांतले काही कंद औषधाला आणि टंचाईच्या दिवसांत पोटाला वापरत आली. औषधी बाजारात मुसळीला भाव आला तसं रानातलं खोदणं वाढलं. तेव्हा कंद कमी होतात ते साळिंदरामुळे, हे म्हणणं तपासून घ्यायला हवं. साळिंदर आणि कंद एकमेकांबरोबर फार जुन्या काळापासून नांदत आले आहेत. पोती भरून नेणारा व्यापार त्या मानाने कालचा आहे.

आता सर्वांत मोठा आक्षेप, शेतकऱ्याचा. साळिंदर भुईमूग उकरतं, मका पाडतं, ऊस आणि रताळी खातं, कोवळ्या झाडांच्या बुंध्याची साल सोलून झाड वाळवतं. एका कोरडवाहू तुकड्यावर वर्ष काढणाऱ्या घराला हे नुकसान सोसवत नाही, आणि शहरात बसून त्याला सोसायला सांगणं हा उद्धटपणा आहे. मी तसं सांगत नाही. माझा प्रश्न उपायाबद्दल आहे. साळिंदर मारायचं तर ते रात्री शेतात सहसा सापडत नाही; सापडतं ते दिवसा बिळात. धूर कोंडून, पाणी सोडून किंवा खणून. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहेच, पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. बिळात जोडी असते, या वर्षीची पिलं असतात, कदाचित मागच्या वर्षीचंही एखादं. म्हणजे एका धुरात दोन पिढ्या जातात. घुशीचं बीळ खणलं तर मागे राहिलेल्या घुशी एका हंगामात जागा भरतात. साळिंदराचं बीळ रिकामं झालं तर ते भरायला शेजारच्या डोंगरातून एखादी तरुण जोडी यावी लागते. ती आली तर शेतकऱ्याचं नुकसान पुन्हा सुरू, म्हणजे मारण्याचा उपयोग झाला नाही. ती आली नाही तर डोंगर कायमचा रिकामा. दोन्ही बाजूंनी हा उपाय वाईट आहे.

उलट या प्राण्याची शरीरयष्टीच उपाय सुचवते. ते उडी मारत नाही, चढत नाही. रानडुकराचा रेटा त्याच्यात नाही. त्याला फक्त उकरता येतं. म्हणून गुडघ्याएवढी जाळी, जिची खालची कड वीतभर जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवली आहे, ती साळिंदराला बऱ्याच अंशी थांबवते. फळझाडांच्या बुंध्याला जाळीचं वेष्टण पुरतं. सगळ्या शिवाराला असं कुंपण घालणं परवडणार नाही हे खरं. पण भुईमुगाचा किंवा रताळ्याचा तुकडा कुठे आहे हे शेतकऱ्याला माहीत असतं, आणि डोंगराकडची बाजूही. जाळीचा खर्च वनखात्याने किंवा ग्रामसभेने उचलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नुकसान झाल्यावर पंचनाम्याच्या मागे धावण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

तिसरा आक्षेप बहुधा अभ्यासकांकडूनच येईल. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आहे. मग एवढा आटापिटा कशाला? लाल यादी एका प्रश्नाचं उत्तर देते: ही जात जगातून नाहीशी होण्याच्या मार्गावर आहे का? नाही, मुळीच नाही. अक्राणीच्या एखाद्या डोंगरावर ती उरेल का, हा प्रश्न त्या यादीला कोणी विचारलेलाच नाही. इथे पुण्याजवळच्या एका खऱ्या उंदराशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. कोंडाण्याचा मऊ केसांचा उंदीर, बीळ करणारा आणि रात्री फिरणारा, १९७५ साली मिश्रा आणि धांडा यांनी सिंहगडावरून नवी जात म्हणून वर्णन केला. त्याचा अडसर जागेचा आहे: गडमाथ्यावरचं लहानसं पठार, तिथली गुरं, तिथले पर्यटक. तो भराभर वाढणारा आहे, पण वाढायला जमीन नाही. साळिंदराची गत नेमकी उलटी: जमीन अर्ध्या आशियाएवढी, पण वाढीचा वेग मंद. पहिल्या प्रकारचं संकट नकाशावर लगेच दिसतं, म्हणून त्याला धोक्याच्या वर्गात जागा मिळते. दुसऱ्या प्रकारचं संकट नकाशावर दिसत नाही. मुलूख तेवढाच राहतो आणि त्यातले डोंगर एकेक करून रिकामे होत जातात.

पण साळिंदर तर सगळीकडे दिसतं, काटे सापडतात, उकरलेलं दिसतं, असं कोणी म्हणेल. खुणा दिसतात हे खरं. एक जोडी एका रात्रीत बरंच अंतर हिंडते आणि अनेक ठिकाणी उकरते. गळलेला काटा कुजायला वेळ लागतो. खुणांवरून संख्या काढली तर ती फुगलेलीच निघणार. या जिल्ह्याला अशा फसगतीचा उलटा अनुभव आहे. रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला दिसला नाही म्हणून तो संपला असं धरलं गेलं. रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण तो मिळवल्याचं सांगितलं होतं. तो नमुना खरं तर डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात खानदेशात गोळा केलेला होता, आणि चोरून नवी चिठ्ठी लावलेला. त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोध भलत्याच जागी होत राहिला. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबॉट यांनी जुने नमुने नीट तपासले, खऱ्या जागा काढल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी समोर आला. तिथे न दिसण्यावरून नसल्याचं अनुमान काढलं गेलं आणि ते चुकलं. साळिंदराच्या बाबतीत दिसण्यावरून मुबलक असल्याचं अनुमान काढलं जातं. दोन्ही अनुमानांत पुरावा कोणत्या प्रकारचा आहे हे तपासायचं राहून जातं.

मग काय मोजायचं? काटे नकोत, खळगेही नकोत. बिळं मोजावीत. वस्तीचं बीळ ओळखणं अवघड नाही: तोंडाशी ताजा मुरूम, दारात घासून गुळगुळीत झालेली वाट, आसपास कुरतडलेली हाडं, आणि कोळ्याची जाळी नसलेलं तोंड. रिकाम्या बिळाच्या तोंडाशी पालापाचोळा साचतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपून गवत बसल्यावर, एका गावाच्या हद्दीतल्या वस्तीच्या आणि रिकाम्या बिळांची गणना झाली, आणि ती पाच-सात वर्षं चालली, तर जोड्यांची संख्या उतरते आहे का हे कळेल. या जिल्ह्यात वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावे मान्य झालेली गावं आहेत, आणि जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. डोंगरातली बिळं कुठे आहेत हे गुराख्यांना आणि मुसळी खणणाऱ्यांना कोणत्याही वनरक्षकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. नोंदवहीत साळिंदर आहे किंवा नाही एवढंच लिहून भागणार नाही. बिळाची जागा, ते वस्तीचं की रिकामं, आणि रिकामं असेल तर किती वर्षांपासून, असे तीन रकाने त्यात हवेत. तिसरा रकाना भरायला गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागेल, आणि ते काम लवकर करायला हवं, कारण चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या खडकाखाली जोडी राहत होती हे आज कोणत्याही कागदावर लिहिलेलं नाही.